व्रत एकाचं, उपास दोघांचा

देवासाठी घराबाहेर पडलेला माणूस आपल्याला नवा नाही. त्याच्याच गोष्टी ऐकत आपण मोठ्या झालो. कुणी बायको-मूल झोपेत असताना राजवाडा सोडला, कुणी 'सावधान' शब्द कानी पडताच बोहल्यावरून पळ काढला. आम्ही सातारकर तर सज्जनगडाच्या सावलीतले. समर्थांची ही गोष्ट शाळेत सांगितली की मुलं हमखास हसतात. पण एकदा आठवीतल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, मग त्या नवरीचं काय झालं?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. तास संपला, घंटा झाली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. भाजी निवडताना आला, कपडे वाळत घालताना आला. आणि पुढे तो माझ्याबरोबर चक्क अमेरिकेलाही आला!

त्याचं असं झालं, की दोन वर्षांपूर्वी भावजयीचं बाळंतपण करायला मला तिकडे जावं लागलं. खरं म्हणजे आईनं जायचं, पण तिचे गुडघे विमानातले वीस तास सोसणारे नव्हते. माझी नोकरी अर्धवेळ, मुलं जरा हाताशी आलेली, आणि "जा की, आम्ही बघतो घरचं," असं सासूबाईच म्हणाल्या. भाऊ राहतो यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ. त्या गावाचं नाव मी तोवर ऐकलंसुद्धा नव्हतं. चार महिने राहिले. बाळाला तेल लावणं, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर हे सगळं यथासांग झालं. पण त्या चार महिन्यांतलं मनात राहून गेलं ते शेजारच्या बाईंचं घर.

शेजारीण मॉर्मन पंथाची. हा शब्द तिला फारसा आवडत नसे. हे टोपणनाव वापरू नका, पंथाचं पूर्ण नाव घ्या, असं त्यांच्या वडीलधाऱ्यांनी २०१८ मध्ये सांगितलंय म्हणे. पण पूर्ण नाव इतकं लांबलचक, की माझ्या तोंडी काही ते बसेना. शेवटी तिनंच हसून मला सूट दिली. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. पुढे छळ झाला, तेव्हा ही माणसं गाड्या हाकत आणि ढकलत पार यूटाच्या रुक्ष प्रदेशात येऊन वसली. एकेकाळी त्यांच्यात पुरुषांना अनेक बायका असत. ती प्रथा १८९० मध्ये पंथानं अधिकृतपणे सोडली, तरी अजून लोकांना तेवढंच आठवतं. मलाही आधी तेवढंच सांगितलं गेलं होतं.

तर या शेजारणीच्या फ्रिजवर एक नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर फिलिपाइन्समधल्या एका गावाभोवती लाल गोल. तिचा मधला मुलगा तिथे 'मिशन'वर गेलेला. वय वर्षं एकोणीस.

यांच्यात मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचारासाठी द्यायची अशी रीत आहे. सक्ती नाही, पण घरोघर अपेक्षा असतेच. मुलीही जातात, दीड वर्षासाठी. पगार नाही, उलट खर्चाची रक्कम दर महिन्याला मुलानं किंवा घरच्यांनी भरायची. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही, वरून पत्र येतं. ब्राझील म्हटलं तर ब्राझील, शेजारचं राज्य म्हटलं तर शेजारचं राज्य. मग आधी काही आठवडे शिकवणी, भाषा नवी असेल तर थोडी जास्त. त्यानंतर पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि कायम जोडीनं राहायचं. जोडीदारही वरूनच ठरतो, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलतो. सकाळी साडेसहाला उठायचं. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, उनाडक्या नाहीत. दिवसभर लोकांना भेटायचं, दारं वाजवायची. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाट करायला आणि घरी पत्र लिहायला.

आपल्याकडे या वयाच्या मुलाला आपण सकाळी तीनदा हाक मारतो, दूध निवून पुढ्यात ठेवतो आणि 'बारावीचं वर्ष आहे' म्हणून त्याची चादरसुद्धा आपणच घडी करतो. मला तर ऐकूनच धसका बसला. मी विचारलं, "फोन तरी येतो ना?" तर म्हणाली, "आता येतो, आठवड्यातून एकदा." २०१९ च्या फेब्रुवारीपासून ही सवलत मिळाली. त्याआधी वर्षातून दोनच फोन. एक नाताळला आणि एक मे महिन्यातल्या मातृदिनाला. तिचा थोरला मुलगा त्या जुन्या नियमात गेला होता. म्हणजे दोन वर्षांत पोटच्या पोराचा आवाज चार वेळा! हे सांगताना ती ओटा पुसत होती. पुसून झालेला ओटा तिनं पुन्हा पुसला.

चहाची मात्र पंचाईत झाली. पहिल्यांदा ती आमच्याकडे आली तेव्हा मी आपली आलं-गवती चहा घालून फक्कड चहा घेऊन पुढे! तिनं नम्रपणे हात जोडले. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. मग मी लिंबाचं सरबत केलं. पुढे कळलं, की महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी दोन वेळा जेवत नाहीत आणि त्या जेवणाचे वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. आमची एकादशी मी तिला समजावून सांगितली. उपासाला आम्ही साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस असं खातो म्हटल्यावर ती बराच वेळ विचारात पडली होती.

दर सोमवारी मुलाचं पत्र येई, म्हणजे आपली ती ईमेल. माझं इंग्रजी बेताचंच, पण ती सावकाश वाचून दाखवायची. सुरुवातीच्या पत्रांत मोठमोठे शब्द होते. श्रद्धा, सेवा, प्रभूची इच्छा. नंतर नंतर पत्रं खाली जमिनीवर यायला लागली. पाऊस थांबत नाही. तिन्ही वेळा भात. आज एकोणीस दारं वाजवली, तीन उघडली. एका आजीनं धर्माचं काही ऐकून घेतलं नाही, पण जेवायला वाढलं. आई, तू रोज उठून पुन्हा तीच भांडी कशी काय घासायचीस?

हे वाक्य वाचून ती थांबली आणि मीही थांबले.

एका पत्रात त्यानं जोडीदाराशी झालेलं भांडण लिहिलं होतं. कारण अगदी क्षुल्लक, बहुतेक ओल्या छत्रीचं. दिवसभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जोडीनं चालले, जोडीनं दारं वाजवली, लोकांना प्रेमाचा संदेश दिला आणि एकमेकांकडे पाहिलंही नाही. रात्री त्याला झोप येईना. देवाची क्षमा मागितली, पण तरी बरं वाटेना. पहाटे उठून त्यानं जोडीदाराचे चिखलानं भरलेले बूट धुऊन, पुसून, पॉलिश करून दाराशी ठेवले. बस, एवढंच. "यानं आयुष्यात स्वतःचे बूट कधी पुसले नव्हते," आई म्हणाली. तिच्या मते पश्चात्ताप हे काही एकदाच मोठ्यानं रडण्याचं काम नाही. दर रविवारी ते पाव आणि पाणी घेऊन जुनं वचन पुन्हा नवं करतात. "धुण्यासारखं आहे हे. या आठवड्याचं धुतलं म्हणून पुढच्या आठवड्याचं टळत नाही," असं ती म्हणाली. बाईच्या जातीला पटणारं बोलली!

परत आल्यावर मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांना पोराचं कौतुक वाटलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. "लोकांच्या दारात जाऊन आमचाच देव घ्या म्हणायचं, हे काही बरं नव्हे," त्या म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, माझंही मत फारसं निराळं नाही. ज्यानं त्यानं आपल्या देव्हाऱ्यात बघावं. उद्या माझ्या दारात दोन पोरं टाय लावून उभी राहिली, तर मी त्यांना सरबत देईन आणि वाटेला लावीन. पण मग मनात येतं, की आपल्या या भागात अशी माणसं काय थोडी येऊन गेली?

या मॉर्मन लोकांचाच एक जण आपल्या पुण्यात येऊन गेलेला आहे. ह्यू फिंडले त्याचं नाव. स्कॉटलंडचा, तिशीचा. १८५२ मध्ये मुंबईत उतरला. तिथून पुण्याला गेला, तर लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचाराला बंदी घातली. त्यानं मराठी शिकायला घेतली. मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही १८५५ मध्ये मुंबईत छापली. मिळालेली माणसं मात्र फार थोडी. त्याच वर्षी तो परत गेला. तीन वर्षं! तेव्हा ना आठवड्याचा फोन, ना सोमवारची ईमेल. बोटीनं जाणारं पत्र महिनोन् महिने वाटेत. त्यानं काय कमावलं याचा हिशोब मला मांडता येत नाही. पण पुण्याच्या उन्हात तिशीचा एक परका माणूस मराठीचे 'ळ' आणि 'ण' घोकत बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेतल्या मुलांचे 'ळ' मी रोज दुरुस्त करते ना, म्हणून असेल.

दुसरा तर माझ्या माहेरचाच म्हणायचा. सांगली आणि मिरजेच्या मधे वानलेसवाडी आहे. लहानपणी बसनं जाता-येताना ती पाटी दिसायची आणि मला वाटायचं, कुणी वानलेस आडनावाचे इनामदार असतील! हे वानलेस कॅनडात जन्मलेले डॉक्टर. प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये पत्नी मेरीसह इकडे आले, तेव्हा वय अवघं चोवीस. आधी सांगलीत दवाखाना काढला, मग मिरजेला गेले आणि १८९४ मध्ये तिथे इस्पितळ उभं राहिलं. पुढे वैद्यकीय शिक्षणाची शाळा, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम अशी एकेक भर पडत गेली. चोवीसाव्या वर्षी आलेला माणूस १९२८ मध्ये निवृत्त होऊन गेला. म्हणजे इथे जवळजवळ चाळीस वर्षं. त्याच वर्षी सरकारनं त्यांना 'सर' केलं. १९३३ मध्ये अमेरिकेत ते वारले, पण आमच्याकडे अजून 'मिशन हॉस्पिटल' म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही.

आमच्या पणजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू त्याच इस्पितळात काढला. ही गोष्ट आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. घरातून केवढा विरोध! 'मिशनात गेलीस तर बाटशील,' 'पाण्यातून काय पाजतील नेम नाही.' पणजी म्हणाली, मला नातवंडांची तोंडं दिसत नाहीत, बाटायचं भय कुणाला घालता? गेली. तिथे शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर उभे राहून प्रार्थना करत. पणजीनं हात जोडले आणि मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. पुढे कुणी विचारलं की सांगायची, "ते त्यांचं म्हणत होते, मी माझं म्हणत होते. डोळा मात्र एकच होता." पणजी बाटली नाही. तिनं मिशनला शिव्याही कधी दिल्या नाहीत, आणि दर दिवाळीला एक डबा फराळाचा इस्पितळातल्या नर्सबाईंना जात असे.

आता त्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. नवरीचं काय झालं? समर्थांच्या गोष्टीतली नवरी मुकी राहिली, पण आपल्या मराठीत एक बाई अशी आहे, की तिनं स्वतः सगळं लिहून ठेवलं. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. निदान शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा धडा तरी असेलच. मी ते अमेरिकेहून आल्यावर पुन्हा काढलं. लग्नाआधी वाचलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. या खेपेला हसू आलंच, पण अधूनमधून पुस्तक मिटून बसावंसं वाटत होतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थानं त्यांना बायबलचा 'नवा करार' वाचायला दिला. तिथून सुरुवात झाली. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरी लहान दत्तू. वडील असे, की बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायचे, इतकं सोवळं! अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, त्यातली बरीचशी पंढरपुरात नातेवाइकांकडे. नवरा जिवंत, पत्रं येतात-जातात, आणि समाजाच्या लेखी ती ना सवाष्ण ना विधवा. टिळकांना आपला देव सापडला होता. बाईंना काय सापडलं होतं? लोकांचे टोमणे, आजारपणं आणि 'पुढे काय' हा एकच प्रश्न.

मग त्या नवऱ्याकडे गेल्या. पण गेल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या असं नाही! चूल निराळी, पाणी निराळं, स्वयंपाक सोवळ्यातला. नवऱ्यावर जीव आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. त्यांची श्रद्धा बदलली ती कुणाच्या व्याख्यानानं नाही. राहुरीला असताना एका दुपारी त्या आपल्याशीच विचार करत बसल्या आणि त्यांच्या मनात आलं, की देवानं माणूस केला, जाती माणसानं केल्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. मला ही दुपार फार मोठी वाटते. आगगाडीतलं पुस्तक, मुंबईचा बाप्तिस्मा, हे सगळं पुरुषाच्या चरित्रात शोभणारं. बाईचा पालट झाला तो पाण्याच्या भांड्यापाशी. आणि गंमत बघा, नवरा सांगून सांगून थकला तेव्हा नाही झाला. तिचं तिला उमगलं तेव्हा झाला.

या टिळकांचा शेवटचा अध्याय आमच्या साताऱ्यात घडला, हे साताऱ्यातल्याही किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. १९१७ मध्ये, म्हणजे पंचावन्न उलटल्यावर, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली. भगवी वस्त्रं घेतली आणि इथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावं अशी त्यांची कल्पना. विदेशी मिशनच्या अंगणातून उठून देशी माणसांत बसावं, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षांपूर्वी ज्या वाटेनं गेलो तिच्यातलंच काही सोडून पुन्हा नव्यानं निघायचं, तेही त्या वयात! मला तर हा त्यांचा दुसरा पश्चात्ताप वाटतो. कुणी निराळं म्हणेल. दरबार नीट बसतो न बसतो तोच ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

पगार सोडला आणि भगवं घेतलं, हे दोन शब्दांत लिहून होतं. पण पगार सोडलेल्या घरात महिन्याची एक तारीख कशी उजाडत असेल? दरबाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पानात काय वाढायचं, याची काळजी कुणाला? टिळक मुळात मुलखाचे दाते. घरात पैसा आला की कुणा गरजवंताच्या हातावर ठेवून मोकळे. लक्ष्मीबाई यावर चिडतात, भांडतात, फजितीचं वर्णन करून हसवतात आणि पुन्हा चुलीपुढे बसतात. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्यही पुढे त्यांनीच पुरं केलं. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झालेली ही बाई!

आता हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं, ते सांगते. आमच्या घरातलं आहे, पण सांगायला धाकट्या जावेची हरकत नाही. मी तिला विचारलं आहे.

माझे धाकटे दीर स्वभावानं लाख माणूस. पण पिणं लागलं. आधी शनिवारी, मग रोज. पगार घरी येईना, वर कारखान्यातून दोनदा समज मिळाली. सासूबाईंनी नवस केले, यांनी रागावून पाहिलं, दोन वर्षं अबोला धरूनही पाहिला. शेवटी चार वर्षांपूर्वी एका कार्तिकीला भावजी आपण होऊन शेजारच्या दिंडीबरोबर पंढरपूरला गेले आणि तुळशीची माळ घालून आले. घरात आनंदीआनंद! माळ घातली म्हणजे दारू-मटण बंद, एकादशी आली, वारी आली. सात महिने माणूस नुसता सोन्यासारखा वागला. सकाळी हरिपाठ, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. मग जूनमध्ये कुणाचं तरी लग्न निघालं, आणि गेले ते रात्री दोनला कुणीतरी आणून सोडलं.

सकाळी पाहिलं तर गळ्यात माळ नाही. माझ्या पोटात गोळा आला. जावेला म्हटलं, "संपलं गं सगळं." ती म्हणाली, "नाही ताई. देवघरात बघा." माळ देवापुढे काढून ठेवलेली होती. रात्री शुद्ध नसताना कशी काढली देव जाणे, पण प्यायच्या आधीच काढून खिशात ठेवली होती असं ते पुढे सांगत होते. जाऊ म्हणाली, "गळ्यात ठेवून नाही प्याले. म्हणजे अजून लाज आहे. लाज आहे तोवर मी आहे."

तिचं शिक्षण माझ्याहून कमी आहे. पण त्या शेजारणीनं धुण्याचा जो दाखला दिला, तोच हिनं न ऐकता ओळखला होता.

त्यानंतर एकदा नव्हे, दोनदा असं झालं. माळ घालायची, काही महिने जायचे, माळ पुन्हा देवघरात. आमच्या आळीत लोक हसायला लागले. 'माळकरी आले,' असं मुद्दाम मोठ्यानं म्हणतात. ज्यांनी माळ कधी घातलीच नाही, त्यांना हसायला काय जातं? भावजी मधल्या काळात व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडेही जायला लागले आहेत. ते जाऊनंच मागे लागून करवलं. औषध, समुपदेशन सगळं चालू आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण नुसत्या माळेवर भार टाकून चालत नाही, हे आम्हां सगळ्यांना कळून चुकलं आहे. विठोबा काही गोळ्या आणून देत नाही. त्या औषधाच्या दुकानातूनच आणाव्या लागतात.

या सगळ्यात जावेनं काय काय केलं याची कुठे नोंद नाही. तिनं शिवणाचं मशीन घेतलं, मुलांची फी त्यावर भरली. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली, लोकांच्या नजरा सोसून. आणि एक गोष्ट मला अगदी अलीकडे कळली. ती माळकरी नाही, पण गेली चार वर्षं दर एकादशीला ती धरते. आणि तीही नुसत्या पाण्यावर, साबुदाणासुद्धा नाही. मी म्हटलं, "अगं, व्रत त्यांचं. तू कशाला?" तर म्हणाली, "त्यांना एकट्याला जड जातं."

तिला मी अमेरिकेतल्या शेजारणीचं सगळं सांगितलं होतं. तो मुलगा मागच्या वर्षी परत आला. परवा भावजयीशी फोनवर बोलताना मी चौकशी केली, तेव्हा जाऊही जवळच गवार मोडत बसली होती. कळलं, की दोन वर्षांत एक कुटुंब त्याचं ऐकून प्रार्थनेला यायला लागलं होतं, आणि तो परत यायच्या आधीच त्यांनी येणं सोडलं. जाऊ म्हणाली, "अरेरे! मग? पोरगं खचलं का?" मी भावजयीला विचारलं. ती म्हणाली, तसं काही दिसत नाही. कॉलेजात जातो, रविवारी चर्चला जातो आणि जेवण झालं की घरातली सगळ्यांची भांडी घासतो. जाऊ गवार मोडायची थांबली. "आणि त्याची आई?" ती म्हणाली. भावजयीला तेवढं काही सांगता आलं नाही.

या आषाढीला भावजींनी दिंडीच्या महाराजांना पुन्हा माळ मागितली. महाराजांनी घाई केली नाही. म्हणाले, कार्तिकीला या, तोवर डॉक्टरांकडचं चुकवू नका. माळ देवघरातच आहे, वातींच्या पितळी डबीत. रोज सकाळी पूजेच्या वेळी जाऊ ती डबी हातात घेते, कानाशी नेऊन जराशी हलवून बघते आणि पुन्हा जागेवर ठेवते.